चाकापासून इंजिनाकडे: घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारसाठी ड्राइव्हट्रेन कशी निवडावी

घरी स्पोर्ट्स कार बांधायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा इंजिनापासून सुरुवात करतो. कुठेतरी चांगलं इंजिन बेताच्या किमतीत मिळतं, ते शेडमध्ये येऊन पडतं, आणि मग त्याला बसेल असा गिअरबॉक्स, गिअरबॉक्सला जुळेल असा शाफ्ट, शाफ्टला चालेल असं डिफरन्शियल (ओढ दोन्ही चाकांना वाटणारी आणि त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) अशी शोधाशोध सुरू होते. इंजिनाची ओढ चाकांपर्यंत नेणारी ही साखळी म्हणजेच ड्राइव्हट्रेन. प्रत्येक सांध्यावर एक अडॅप्टर लागतो आणि एक तडजोड करावी लागते. मी पहिली गाडी अशीच बांधली. दुसरीच्या वेळी क्रम उलटा केला: आधी टायर, मग अॅक्सल आणि डिफरन्शियल, मग गिअरबॉक्स, क्लच आणि सगळ्यात शेवटी इंजिन. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: वजन आणि टायर कागदावर लिहा

काहीही विकत घेण्याआधी दोन आकडे हवेत. ड्रायव्हरसकट गाडीचं वजन आणि मागच्या टायरचा आकार. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ साली आली, आणि घरी बांधल्या जाणाऱ्या हलक्या गाड्यांचा साचा आजही बऱ्याच अंशी तोच आहे. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ओढ, दोन माणसं, नळ्यांची चौकट. अशी गाडी ड्रायव्हरसकट ७०० किलोची धरू.

जोरात वेग घेताना वजन मागे सरकतं. त्या क्षणी मागच्या चाकांवर साधारण ६० टक्के, म्हणजे ४२० किलो भार येतो असं समजा. रस्त्यावरच्या टायरची पकड ढोबळमानाने भाराइतकीच धरली, तर मागचे दोन टायर मिळून सुमारे ४,१०० न्यूटन जोर रस्त्याला देऊ शकतात. २०५/५० आर १५ टायरची भाराखालची त्रिज्या साधारण २८५ मिमी असते. गुणाकार केला की सुमारे ११७० न्यूटन-मीटर येतात. अॅक्सलवर याहून जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आला की टायर घसरणार.

आता दुसऱ्या टोकाकडून बघा. इंजिन २०० न्यूटन-मीटरचं, पहिल्या गिअरचा रेशो (बाहेरच्या एका फेऱ्याला आतले किती फेरे) ३.१३६ आणि फायनल ड्राइव्ह, म्हणजे डिफरन्शियलमधला रेशो, ४.१ असेल, तर पहिल्या गिअरमध्ये अॅक्सलवर २५७० न्यूटन-मीटर पोचतात. टायर पेलू शकतो त्याच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या गिअरमध्ये (१.८८८) ते १५५० होतात, अजूनही जास्तच. तिसऱ्यात (१.३३) सुमारे १०९०, आणि इथे टायर पहिल्यांदा सगळी ओढ झेलतो.

या हिशोबातून दोन गोष्टी कळतात. हलक्या गाडीत टायर फ्यूजचं काम करतो: जोर जास्त झाला की आधी तो घसरतो आणि बाकीचे भाग वाचतात. म्हणून दीड टनाच्या सेडानमधलं डिफरन्शियल आणि अॅक्सल तुमच्या गाडीत आरामात टिकतात, कारण मूळ गाडीत त्यांच्यावर जवळजवळ दुप्पट भार होता. ‘मजबूत हवं’ म्हणून मोठ्या गाडीचं भलंमोठं डिफरन्शियल बसवणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी उगाच पंधरा-वीस किलो लोखंड गाडीच्या मागे टांगलेलं असतं. दुसरी गोष्ट अशी की गिअरबॉक्सवर सगळ्यात जास्त वेळ पूर्ण भार तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये येतो. जुना गिअरबॉक्स उघडलात तर तिसऱ्याचे दाते आधी तपासा.

या फ्यूजला अपवाद आहेत. स्लिक (नक्षी नसलेले, रेसचे) टायर लावले की पकड वाढते आणि फ्यूजही मोठा होतो. क्लच एकदम सोडला तर फ्लायव्हीलमध्ये (इंजिनामागच्या जड चाकात) साठलेली ऊर्जा झटक्यात शाफ्टवर येते. आणि मागची चाकं उड्या मारायला लागली, तर हवेत मोकळं फिरणारं चाक खाली आदळताना जो दणका बसतो त्याला चांगले चांगले शाफ्ट पिळवटतात. यातलं काही तुमच्या वापरात असेल तरच एक पायरी वरचे भाग घ्या.

दुसरी पायरी: मांडणी ठरवा

पुढे इंजिन आणि मागे ओढ ही मांडणी पहिल्या गाडीसाठी सगळ्यात सोयीची. प्रत्येक भाग वेगळा असतो, हाताला लागतो आणि एकटा बदलता येतो.

इंजिन मधोमध हवं असेल तर फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीचा आडवा संच, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, जसाच्या तसा उचलून मागच्या चाकांपाशी बसवायचा. टोयोटाने १९८४ साली एमआर२ मध्ये हेच केलं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची कटकट संपते. त्याऐवजी गिअरच्या लांब केबल, मागे गरम हवा कोंडणं आणि पाण्याचे लांब पाइप हे प्रश्न येतात. पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मागे वापरताना स्टिअरिंगचा आर्म एका पक्क्या लिंकने चौकटीला बांधावा लागतो, आणि ती लिंक कुठे धरली आहे यावर मागच्या चाकांचं टो, म्हणजे वरून पाहताना ती आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, ठरतं. तिथे घाई करू नका.

उभं इंजिन मध्ये बसवायचं असेल तर ट्रान्सअॅक्सल (एकाच पेटीतला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल) मूळ गाडीत कोणत्या बाजूला तोंड करून होता ते बघा. ऑडीसारख्या गाडीत इंजिन अॅक्सलच्या पुढे आणि गिअरबॉक्स मागे असतो. मध्य-इंजिन गाडीतही क्रम तोच, त्यामुळे दिशा बदलत नाही. जुन्या बीटलमध्ये किंवा पोर्शे ९११ मध्ये इंजिन अॅक्सलच्या मागे असतं. तो संच वळवून बसवला की पुढे जायला एकच गिअर आणि बाकी सगळे रिव्हर्स! डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राऊन व्हील, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवून ही दिशा सरळ करता येते, पण त्या पेटीत तशी सोय आहे का हे विकत घेण्याआधी विचारा.

मोटरसायकलच्या इंजिनाचा मोह मोठा असतो. सुझुकी हायाबुसा १९९९ साली १२९९ सीसीचं इंजिन घेऊन आली, आणि अशी इंजिनं हलक्या गाड्यांत खूप बसली आहेत. वजन कमी, गिअर क्रमाने पडणारे, आवाज वेड लावणारा. पण रिव्हर्स नसतो, त्याची वेगळी सोय करावी लागते. क्लच मोटरसायकलच्या वजनासाठी बनवलेला असतो, म्हणून चढावर गाडी क्लचवर धरून ठेवली की तो लवकर जळतो. शिवाय मोटरसायकल वळणात कलते आणि गाडी कलत नाही, त्यामुळे ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाच्या) एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. संपमध्ये आडव्या पट्ट्या टाकल्याशिवाय हे इंजिन वळणावर जोरात चालवू नका.

तिसरी पायरी: शक्य तितके भाग एकाच डोनर गाडीतून घ्या

सुटे भाग दहा ठिकाणांहून जमवण्यापेक्षा एक अपघातग्रस्त पण चालू गाडी अख्खी घ्या. माझदा एमएक्स-५ यासाठी इतकी वापरली जाते त्याचं कारण हेच. इंजिन, पाच गिअरची पेटी, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, दोन्ही अॅक्सल आणि हब एकमेकांना आधीच जुळलेले असतात. वायरिंग, इंजिनाचा संगणक, चावीचं इमोबिलायझर आणि सेन्सर यांचा संचही पूर्ण मिळतो. हे भाग वेगवेगळे जमवणं अॅक्सल जमवण्याहून जास्त डोकं खातं.

एक बारकावा मात्र आहे. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब चौकट असते, आणि डिफरन्शियलचं नाक वर उचललं जाऊ नये हे काम ती करते. तुमच्या चौकटीत ती बसत नसेल किंवा गिअरबॉक्स दुसरा वापरणार असाल, तर डिफरन्शियलच्या नाकाला स्वतंत्र, भक्कम आधार द्यावाच लागेल. मागच्या दोन बोल्टांवर ते टिकणार नाही.

गाडी घेण्याआधी ती चालवून बघा, निदान ढकलून तरी बघा. प्रत्येक गिअर टाका. वेग घेताना आणि पाय काढल्यावर गुणगुण वेगळी येते का ते ऐका. त्यातून क्राऊन-पिनियनची झीज कळते. आणि रस्त्यावर गाडी चालवायची असेल तर घरी बांधलेल्या गाडीच्या नोंदणीसाठी इंजिनाचं वय, धूर आणि आवाज याबद्दल काय नियम आहेत ते याच टप्प्यावर कार्यालयात जाऊन विचारा. इंजिन बसवून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: रेशोचा हिशोब

इथे वेळ घालवा. गाडी चालवताना कशी वाटेल, हे अश्वशक्तीपेक्षा रेशोवरून जास्त ठरतं असं माझं ठाम मत आहे.

२०५/५० आर १५ टायर एका फेऱ्यात साधारण १.७९ मीटर जातो. इंजिनाचे फेरे भागिले गिअरचा रेशो भागिले फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकाचे फेरे. त्याला १.७९ ने गुणलं की मिनिटाला मीटर मिळतात, आणि ६० ने गुणून १,००० ने भागलं की ताशी किमी. १.८ लिटरच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चे आकडे घ्या: गिअर ३.१३६, १.८८८, १.३३०, १.०००, ०.८१४ आणि फायनल ड्राइव्ह ४.१. इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत नेलं तर पहिला गिअर ताशी ५८ किमीला संपतो. पाचव्यात ताशी १०० किमीला इंजिन सुमारे ३,१०० फेऱ्यांवर असतं. डिफरन्शियल ३.६ चं घातलं तर पहिला ६६ पर्यंत जातो आणि पाचव्यात १०० ला इंजिन २,७०० च्या आसपास उतरतं.

जड गाडीला हलवायला छोटा, म्हणजे मोठ्या आकड्याचा, पहिला गिअर लागतो. ७०० किलोच्या गाडीला तो लागत नाही. पहिल्यात गाडी नुसती चाकं फिरवते आणि लगेच दुसरा मागते. म्हणून हलक्या गाडीत लांब, म्हणजे ३.६ सारखं कमी आकड्याचं, फायनल ड्राइव्ह बहुतेकदा छान लागतं. लांब प्रवास कमी आणि वळणांचे छोटे ट्रॅक जास्त असतील, तर मात्र ४.१ ठेवा.

दोन गिअरमधलं अंतरही मोजा. फोर्ड सिएरामध्ये आलेला टाइप ९ गिअरबॉक्स हलका आणि अरुंद, म्हणून अशा गाड्यांचा आवडता. पण त्याचा पहिला ३.६५ आणि दुसरा १.९७. ७,००० ला गिअर बदलला की फेरे ३,८०० च्या खाली कोसळतात. एमएक्स-५ च्या पेटीत ते ४,२०० वर थांबतात. वरच्या फेऱ्यांतच जीव असलेल्या इंजिनाला हा चारशेचा फरक जाणवतो, आणि म्हणूनच टाइप ९ मध्ये लोक लांब पहिला गिअर बसवून घेतात.

जुन्या डिफरन्शियलवरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, फेरे मोजा. साधं डिफरन्शियल असेल तर एक बाजू घट्ट धरा, दुसरी बाजू बरोबर वीस फेरे फिरवा आणि पिनियनवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. एकेचाळीस आले तर रेशो ४.१.

पाचवी पायरी: डिफरन्शियलचा प्रकार

साधं उघडं डिफरन्शियल हलक्या गाडीत वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरवत बसतं. ट्रॅकवर जाणार असाल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाला असं मोकळं फिरू न देणारं, डिफरन्शियल घ्या. गिअरवर चालणारं टॉर्सनसारखं डिफरन्शियल रस्त्यावर गुळगुळीत चालतं आणि त्यात झिजणाऱ्या प्लेट नसतात. त्याची मर्यादा ध्यानात ठेवा: एक चाक पूर्ण हवेत गेलं की ते उघड्या डिफरन्शियलसारखंच वागतं. तुमची चौकट ताठ आणि मागची स्प्रिंग कडक असल्याने आतलं चाक उचललं जात असेल, तर प्लेटचं डिफरन्शियल बरं. ते दुरुस्त करता येतं, पण प्लेट वेळोवेळी बदलाव्या लागतात आणि त्यासाठी खास ऑइल लागतं. वेल्डिंग करून घट्ट केलेलं डिफरन्शियल रस्त्याच्या गाडीत घालू नका. दर वळणावर अॅक्सल पिळला जातो.

सहावी पायरी: अॅक्सल शाफ्ट

इथे माझी चूक सांगतो. पहिल्या गाडीत मी गाडी चाकांवर उभी असताना हबपासून डिफरन्शियलपर्यंत अंतर मोजलं आणि त्या मापाने शाफ्ट करून घेतले. गाडी जॅकवर उचलली, चाकं खाली लोंबली. एका चाकाला हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात ‘खट्’ असा आवाज झाला आणि चाक मोकळं फिरायला लागलं. जॉइंटवरचा रबरी बूट काढून पाहिला. आतल्या ट्रायपॉड जॉइंटचे तिन्ही रोलर वाटीच्या बाहेर आले होते आणि एक रोलर ग्रीसमध्ये सुटा पडला होता. रस्त्यावर एखाद्या उंचवट्यावरून उडी बसली असती तर तिथेच गाडी थांबली असती.

तेव्हापासून मी स्प्रिंग काढून टाकतो, चाक पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत दर १० मिमीला थांबवतो आणि प्रत्येक जागी अंतर लिहितो. सगळ्यात लहान मापाला जॉइंट तळाला टेकता कामा नये, सगळ्यात मोठ्या मापाला बाहेर येता कामा नये, दोन्हीकडे निदान ५ मिमी हवेत. न जमल्यास शाफ्टची लांबी बदला किंवा शॉकअब्सॉर्बरने खालची हालचाल आधी थांबवा. जॉइंटचा कोनही तपासा. गाडी उभी असताना तो जितका कमी, तितका जॉइंट थंड चालतो. शाफ्ट कापून मध्ये वेल्डिंग केलेला कधीही वापरू नका. मापाचा नवा शाफ्ट करून घ्या.

सातवी पायरी: प्रोपेलर शाफ्ट

छोट्या गाडीत हा शाफ्ट आखूड असतो, आणि आखूड असणं चांगलं. लांबी दुप्पट झाली की ज्या फेऱ्यांवर शाफ्ट धनुष्यासारखा वाकून थरथरतो ती मर्यादा चौथ्या हिश्शावर येते. पाचवा गिअर ०.८१४ चा असेल तर इंजिन ७,००० वर असताना शाफ्ट ८,६०० फेरे घेतो, हे लोक विसरतात. म्हणून बॅलन्स केल्याशिवाय बसवू नका.

क्रॉस असलेला जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि शाफ्टच्या दोन्ही फोर्क एकाच रेषेत असतील तर हा फरक एकमेकांना खाऊन टाकतो. कोन तीन अंशांच्या आत ठेवा, पण अगदी शून्यही नको. जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहिल्या तर क्रॉसमध्ये खाचा पाडतात. सरकणाऱ्या टोकाला तळापासून २० मिमी मोकळी जागा ठेवा. शाफ्टभोवती पोलादी कडी बसवा. तुमचा गुडघा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असणार आहे.

आठवी पायरी: गिअरबॉक्स आणि क्लच यांची जोड

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यातले असतील तर अडॅप्टर प्लेटइतकंच महत्त्व मधल्या मापांना आहे. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला किती स्प्लाइन आहेत आणि व्यास किती, त्यावर क्लच प्लेट ठरते. शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरतं का, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना नेमकं कुठे टेकतं, स्टार्टर मोटरचे दाते फ्लायव्हीलच्या कड्याला जुळतात का, या चारही गोष्टी पेटी बंद होण्याआधी कागदावर हव्यात.

बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) क्रँकच्या मध्याला आहे ना, हे डायल गेजने पाहा. गेज फ्लायव्हीलवर लावा, क्रँक हाताने पूर्ण फिरवा. काट्याचा एकूण फरक ०.१३ मिमीहून जास्त आला तर डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) बदलून मध्य साधा. हे न केल्यास इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि क्लच प्लेटचा मधला भाग लवकर खातो, आणि दोष विनाकारण गिअरबॉक्सवर जातो.

क्लच इंजिनाच्या टॉर्कच्या पाव पट जास्त पेलणारा पुरे. हलक्या गाडीला तांब्याच्या बटणांचा कडक क्लच लावला तर रहदारीत पाय भरून येतो आणि गाडी हिसके देते. पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नसेल तर मास्टर सिलिंडरचं माप बघा: ३० मिमी दाबात १६ मिमीचा सिलिंडर सुमारे ६ सीसी तेल ढकलतो, १९ मिमीचा ८.५ सीसी. मोठा सिलिंडर लावल्यावर पेडल जड होतं, आणि जास्त दाबलं तर प्रेशर प्लेटची बोटं वाकतात. ते टाळायला पेडलखाली स्टॉप बसवा.

ऑइलही इथेच ठरवा. हायपॉइड (पिनियन क्राऊन व्हीलच्या मध्यरेषेपासून बाजूला असलेल्या) क्राऊन-पिनियनला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रोनायझर (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील तर बनवणाऱ्याने सांगितलेलं, बहुधा जीएल-४, तेच घाला.

नववी पायरी: आता इंजिन

इथवर आलात की इंजिनाची निवड सोपी होते. टायर किती झेलतो, रेशो कुठे आहेत, पेटी किती पेलते हे माहीत असतं. त्या चौकटीत बसणारं सगळ्यात हलकं इंजिन घ्या. पुढच्या चाकांवरचे ४० किलो कमी झाल्याचा फायदा प्रत्येक वळणावर मिळतो. ४० अश्वशक्ती जास्त असल्याचा फायदा फक्त सरळ रस्त्यावर, तोही तिसऱ्या गिअरनंतर. संपची उंची, एक्झॉस्टची बाजू आणि स्टिअरिंगचा दांडा एकमेकांना आडवे येतात का, एवढं मात्र रिकाम्या ब्लॉकवर आधी बघा.

सगळं चौकटीत मांडून, लाकडी ठोकळ्यांवर टेकवून, ओळंबा आणि अँगल गेज घेऊन गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा कोन जुळवा, आणि मगच माउंटिंग वेल्ड करा. पहिल्या शंभर किमीनंतर प्रोपेलर शाफ्टचे आणि अॅक्सलचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, डिफरन्शियलचं ऑइल काढा आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोट फिरवा. बारीक करडा लेप असेल तर पुसून प्लग परत लावा. नखाला टोचेल असा कण सापडला तर त्याच दिवशी झाकण उघडा.